लाइट हेवीवेटमधली सगळ्यात कणखर हनुवटी कोणाची?

भय्याचौक (शनिवार, रात्री ९.२०)

मंडळी, घरातला वाद मिटेना म्हणून इथे आलोय.

भाचा आमच्याकडेच राहतो, कॉलेज इथलंच. हौशी बॉक्सिंगमध्ये ८० किलोत खेळतो. व्यावसायिकांचा लाइट हेवीवेट गट १७५ पाउंडांचा, म्हणजे ७९ किलो आणि वर थोडे ग्रॅम, त्यामुळे त्याला या गटाचं वेड आहे. रविवारी सकाळी दही, शेंगा चटणी आणि कडक भाकरी घेऊन आम्ही दोघं टीव्हीसमोर बसतो आणि जुन्या लढती लावतो. गेले दोन रविवार तो खिडकीचे पडदेही ओढून घेतो, टीव्हीवर ऊन पडतं म्हणून. गेल्या वेळी विषय निघाला, ठोसा पचवण्यात या गटात सगळ्यात वरचा कोण?

त्याचं उत्तर तयार होतं, आर्तुर बेतरबिएव्ह. माझं, ग्लेन जॉन्सन.

जॉन्सनची बाजू मांडतो. जमैकात जन्मला, मायामीत बांधकामावर राबायचा, बॉक्सिंगला लागला तोच उशिरा. १९९७ मध्ये बर्नार्ड हॉपकिन्सने त्याला अकराव्या फेरीत थांबवलं, म्हणजे लढत गुणांपर्यंत गेलीच नाही. ती लढत मिडलवेटची, आपल्या गटाच्या बरीच खालची. तोवर जॉन्सन ३२ लढतींत अपराजित होता. पुढे लाइट हेवीवेटला आला आणि २००४ मध्ये त्याने काय केलं बघा. फेब्रुवारीत इंग्लंडमध्ये जाऊन क्लिंटन वूड्सला हरवून आयबीएफ या जागतिक संघटनेचा जेतेपदाचा पट्टा घेतला. सप्टेंबरमध्ये मेम्फिसला रॉय जोन्सला नवव्या फेरीत झोपवलं. डिसेंबरमध्ये अँटोनिओ टार्व्हरला गुणांवर हरवलं. त्यानंतर चॅड डॉसनशी दोनदा, टॅव्होरिस क्लाउडशी एकदा लढला. मग खालच्या गटात उतरून वयाच्या ४२ व्या वर्षी कार्ल फ्रॉच आणि लुसियन ब्यूट. या सगळ्यांकडून गुणांवर हरला, पण थांबवणं एकालाही जमलं नाही. क्लाउड आणि फ्रॉच म्हणजे हात जड असलेली माणसं.

माझी अट एवढीच. नुसतं "कधी पडला नाही" याला किंमत नाही, मारणारा कोण होता तेही सांगा.

भाच्याचीही हनुवटी बरी निघालीय. दोन आठवड्यांपूर्वी सरावात त्याला एक लांबून आलेला डावा हुक बसला, आवाज बाहेर पायरीवर मला ऐकू आला, पण पोरगं जागचं हललं नाही. कोच म्हणाले, लोखंड आहे.

तर लिहा. तुमचा माणूस कोण?

शेंगाचटणी_७५ (शनिवार, रात्री ९.४१)

मॅथ्यू साद मुहम्मद. दुसरं नाव घेऊच नका.

१३ जुलै १९८०, न्यू जर्सीतलं मॅकॅफी, समोर याकी लोपेझ. आठव्या फेरीत लोपेझने त्याला दोराला लावला आणि एकामागून एक असे वीसेक ठोसे हाणले. मध्ये उलट एक नाही. मी ती फेरी किती वेळा पाहिली असेल सांगता येणार नाही. डोकं एकदा डावीकडे फेकलं जातंय, एकदा उजवीकडे, गुडघे वाकतात, वाटतं आता गेला. आणि ती फेरी संपायच्या आत हाच माणूस पुढे सरकून मारायला लागतो. चौदाव्या फेरीत लोपेझ संपला. त्या वर्षाची सर्वोत्तम लढत म्हणून तिचीच निवड झाली होती.

त्याच्या आदल्या वर्षी, एप्रिल १९७९ मध्ये, इंडियानापोलिसला मार्व्हिन जॉन्सनच्या गावात जाऊन त्याने जेतेपद घेतलं, तेही अशीच रक्तबंबाळ लढत होती. आठव्या फेरीत संपली.

या माणसाला लहानपणी फिलाडेल्फियाच्या बेंजामिन फ्रँकलिन पार्कवेवर सोडून दिलं होतं. त्याला नाव माहीत नव्हतं म्हणून संतावरून मॅथ्यू आणि रस्त्यावरून फ्रँकलिन ठेवलं. पुढे धर्म बदलल्यावर साद मुहम्मद झाला. मला त्याच्या लढतींमध्ये ते लहान पोर दिसतं. त्याला पडलेलं राहणं माहीतच नव्हतं.

तालमीतला (शनिवार, रात्री ९.५५)

शेंगाचटणी, साद मुहम्मदवर +१. पण डिसेंबर १९८१ मध्ये ड्वाइट मुहम्मद कावीने त्याला दहाव्या फेरीत थांबवलं, तेही लिहा की. कावी उंचीने साडेपाच फुटांच्या जरा वर, बॉक्सिंग शिकला रॉवेच्या तुरुंगात. तो पुढे क्रूझरवेट या वरच्या गटात गेला आणि १९८६ मध्ये होलिफिल्डसमोर पंधरा फेऱ्या उभा राहिला. त्याची हनुवटी कमी होती का?

सविस्तर उद्या लिहितो, पहाटे पोरांना घेऊन मैदानावर जायचंय.

जुनीमिलवाला (शनिवार, रात्री ११.१०)

पोरांनो, मी सत्तरी ओलांडलेला माणूस. आमच्या काळी या लढती बघायला कुठल्या मिळणार, वाचनालयात जुनी इंग्रजी मासिकं यायची त्यात दोन फोटो असायचे. आता नातू फोनवर लावून देतो. त्यामुळे माझी नावं जुनी आहेत, पण ती यादीत आलीच पाहिजेत.

पहिलं नाव आर्ची मूर. १० डिसेंबर १९५८, माँट्रियल. समोर इव्हाँ ड्युरेल, कॅनडाचा कोळी. मूर चाळिशी केव्हाच ओलांडलेला, त्याच्या खऱ्या वयाबद्दल तेव्हाही एकमत नव्हतं. पहिल्याच फेरीत मूर तीन वेळा खाली. पाचवीत पुन्हा. आणि अकराव्या फेरीत ड्युरेल बाद. रेफरी होता जॅक शार्की, स्वतः हेवीवेटचा माजी जगज्जेता.

आता सांगा, जो चार वेळा पडला त्याची हनुवटी कणखर म्हणायची की नाही? मी म्हणतो, म्हणायची. पहिल्यांदा पडल्यावर मूरचं डोकं मागे फळीवर आपटलं, तरी उठल्यावर तो गडबडला नाही. हात वर, पाय मागे, ड्युरेलच्या अंगाला चिकटला, वेळ काढला. त्याची खरी ताकद ठोसा बसल्यानंतरच्या दहा सेकंदांत होती.

दुसरं नाव जेक लामोटा. तो मिडलवेटचा, पण लाइट हेवीवेटशी त्याचा एक संबंध आहे. रे रॉबिन्सनशी सहा वेळा लढून जो खाली गेला नाही, त्याला पहिल्यांदा जमिनीवर पाडलं ते डॅनी नार्डिकोने, ३१ डिसेंबर १९५२ रोजी, फ्लोरिडात. ती लढत लाइट हेवीवेटची. सातव्या फेरीत पाडलं, आणि आठवी सुरू व्हायच्या आधीच त्याच्या कॉर्नरने, म्हणजे कोपऱ्यातल्या त्याच्या माणसांनी, लढत सोडली. म्हणजे वर्षानुवर्षं जी हनुवटी खालच्या गटात लोखंडी होती, ती वरच्या गटातल्या माणसासमोर वाकली. भय्याचौक, तुमची अट या एका रात्रीत सिद्ध होते.

आणि तिसरी गोष्ट, सोलापूरकरांना लगेच पटेल अशी. २५ जून १९५२, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम. लाइट हेवीवेट जगज्जेता जोई मॅक्झिम, आव्हान द्यायला आला साक्षात रे रॉबिन्सन. रिंगजवळ पारा १०४ फॅरनहाइट, आपल्या भाषेत ४० अंश. आधी रेफरीच उन्हाळ्याने गळाला, दहाव्या फेरीनंतर दुसरा आणावा लागला. रॉबिन्सन तिन्ही गुणपत्रिकांवर पुढे होता, आणि तेराव्या फेरीनंतर स्टुलावरून उठूच शकला नाही. दोनशे लढतींच्या कारकिर्दीत त्याचा वेळेआधी झालेला हा एकमेव पराभव. ठोशाने नाही, उकाड्याने. आम्ही मे महिन्यात गिरणीच्या सूतखात्यात उभं राहायचो, त्यामुळे रॉबिन्सनचे ते पाय मला बघवत नाहीत.

साउथपॉ_विजापूरवेस (रविवार, सकाळी ८.०५)

काका, दंडवत. मॅक्झिम-रॉबिन्सन आताच बघितली. दिव्यांच्या उजेडात घाम नुसता वाहलालाय दोघांचा.

जुन्यांत अजून एक, व्हिक्टर गॅलिंडेझ, अर्जेंटिनाचा. मे १९७६, जोहान्सबर्ग, समोर रिची केट्स. तिसऱ्या फेरीत डोक्याला डोकं लागून गॅलिंडेझची भुवई उघडली. रेफरीचा शर्ट त्या रक्ताने माखला, कारण तो त्यांना सोडवायला जाईल तेव्हा गॅलिंडेझ तोंड त्याच्या शर्टाला पुसायचा. पंधराव्या फेरीचे शेवटचे क्षण राहिले असताना केट्सला नॉकआऊट केलं.

आता नव्यांचं. दादा, मी भाच्याच्या बाजूने अर्धाच आहे. बेतरबिएव्ह ठोसा घेतो आणि पुढे येत राहतो, बरोबर. डिसेंबर २०२१ मध्ये मार्कस ब्राउनशी लढताना कपाळाच्या मधोमध फाटलं होतं, तरी नवव्या फेरीत संपवलं. पण २०१८ मध्ये शिकागोला कॅलम जॉन्सनने त्याला दुसऱ्या फेरीत पाडलेलं आहे. त्या लढती जिंकल्या म्हणून हनुवटीचा प्रश्न कोणी विचारत नाही.

माझं मत दिमित्री बिव्होलला. बेतरबिएव्हच्या पहिल्या वीस लढतींत वीसच्या वीस नॉकआऊट होते, एकालाही शेवटची घंटा ऐकू आली नव्हती. बिव्होल त्याच्यासमोर रियाधमध्ये २४ फेऱ्या उभा राहिला, बारा ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि बारा फेब्रुवारी २०२५ मध्ये. पहिली बेतरबिएव्हला गेली, दुसरी बिव्होलला. पहिल्या लढतीत नीट बघा, बेतरबिएव्हचे किती ठोसे बिव्होलच्या दंडांवर आणि ग्लोव्हजवर पडतात. तेही लागतातच, पण डोक्यापर्यंत पोचतात ते निम्म्या जोराने.

भय्याचौक (रविवार, सकाळी ८.३०)

साउथपॉ, मुद्दा घेतला, पण मग ती बचावाची तारीफ झाली. मी हनुवटीचं विचारतोय. ठोसा लागल्यावर काय होतं ते.

काका, तुमचा प्रतिसाद भाच्याला मोठ्याने वाचून दाखवला. त्याने फोन हातात घेतला नाही, म्हणाला मामा तूच वाच.

तालमीतला (रविवार, दुपारी १२.१५)

ठोसा लागल्यावर काय होतं तेच सांगतो, ऐका.

मी कुस्तीतून आलो. आमच्या वस्तादांनी पहिलं वर्ष फक्त जोर, बैठका आणि मानेचा ब्रिज करून घेतला. उताणं पडायचं, टाळू मातीत टेकवायची, पाठ उचलायची आणि मानेवर मागेपुढे झुलायचं. पहिले पंधरा दिवस रात्री कूस बदलताना मान हाताने धरून वळवावी लागायची. बॉक्सिंगला गेल्यावर कळलं की तोच व्यायाम इथंही कामाला येतो. मान जाड आणि तयार असली की डोकं कमी फिरतं.

पण मानेपेक्षाही मोठी गोष्ट आहे नजर. दिसलेला ठोसा माणूस पचवतो. दात आवळले जातात, मान ताठ होते, खांदा वर येतो, हे सगळं न ठरवता होतं. न दिसलेला ठोसा अर्ध्या जोराचा असला तरी पाडतो. माझ्याकडे येतात ती पोरं विचारतात, सर, चिन, म्हणजे हनुवटीची ताकद, कशी वाढवायची? मी म्हणतो, डोळे उघडे ठेवायला शीक. ठोसा येताना शंभरात नव्वद पोरं डोळे मिटतात.

याला दाखला डिक टायगरचा. नायजेरियाचा, मिडलवेट आणि लाइट हेवीवेट दोन्हींत जगज्जेता, दणकट माणूस. पूर्ण कारकिर्दीत एकदाच नॉकआऊट झाला. २४ मे १९६८, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, चौथी फेरी, बॉब फॉस्टर. फॉस्टर सव्वासहा फुटी, टायगर पाच फूट आठ इंच. तो डावा हुक आला कुठून ते टायगरला दिसलं नसणार, इतका तो लांबून आणि वळून आला. फॉस्टर हा या गटातला सगळ्यात भयंकर ठोसेबाज, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यामुळे फॉस्टरने पाडलं म्हणून टायगरच्या हनुवटीला मी एक गुणही कमी देणार नाही.

शेंगाचटणी_७५ (रविवार, दुपारी १२.४०)

वस्ताद, मग रॉय जोन्सचं काय? त्याचे डोळे तर सगळ्यात तेज होते.

तालमीतला (रविवार, दुपारी १.०५)

तेच तर. जोन्सला १९९८ पर्यंत व्यावसायिक रिंगमध्ये कोणी पाडलंच नव्हतं, त्या वर्षी लू डेल व्हायेने पहिल्यांदा पाडलं, आणि तीही लढत जोन्स जिंकला. मग मार्च २००३ मध्ये तो १९३ पाउंडांवर जाऊन जॉन रुइझकडून हेवीवेटचा पट्टा घेऊन आला. नोव्हेंबरपर्यंत पुन्हा १७५ ला उतरला. आठ किलो, आणि अंगावर चरबी नसलेल्या माणसाचे आठ किलो म्हणजे स्नायू. टार्व्हरची पहिली लढत कशीबशी काढली. मे २००४ मध्ये टार्व्हरने दुसऱ्या फेरीत एका डाव्या ठोशाने संपवलं, सप्टेंबरमध्ये ग्लेन जॉन्सनने.

लोक म्हणतात चिन गेली. मी म्हणतो पाय गेले. पूर्वी तो ठोसा त्याच्यापर्यंत यायचाच नाही. वजन उतरवण्याच्या नादात किती चांगली पोरं मी कोमेजलेली बघितली आहेत. वजनाच्या आदल्या दिवशी पाणी तोडतात, रेनकोट घालून पळतात, आणि दुसऱ्या दिवशी हलक्या टोल्याला डोळे फिरतात.

साउथपॉ_विजापूरवेस (रविवार, दुपारी १.२०)

हॉपकिन्सचं नाव कोणीच घेतलं नाही. नोव्हेंबर २०१४, वय ४९, समोर सर्गेई कोव्हालेव्ह. पहिल्याच फेरीत खाली. तरी बारा फेऱ्या पुऱ्या केल्या, तिन्ही पत्रिकांवर धुव्वा उडाला असताना. शेवटच्या फेरीत तर त्याने देवाणघेवाणच केली. थांबवला गेला तो फक्त अखेरच्या लढतीत, डिसेंबर २०१६, जो स्मिथने आठव्या फेरीत दोरांतून बाहेर फेकला तेव्हा. वय ५१.

आडवाधागा (रविवार, रात्री १०.५०)

मी इथे फक्त वाचतो. आज लिहावंसं वाटलं.

नव्वदच्या दशकात आम्ही सात-आठ पोरं एका जुन्या हॉलमध्ये बॉक्सिंग करायचो. पोतं आमचं घरचं, ज्यूटच्या गोणीत टॉवेल कारखान्यातल्या कापलेल्या कडा आणि चिंध्या ठासून भरलेल्या. पावसाळ्यात ते ओलं होऊन दगड व्हायचं. माझं वजन ७८, मी पडायचो नाही. सगळे म्हणायचे, याला ट्रकने उडवला तरी उभा राहील. मला त्याचा फार अभिमान होता. मी हात खाली सोडून उभा राहायचो, मार म्हणायचो.

एका संध्याकाळी उजवीकडून आला, दिसला नाही. मी पडलो नाही. फक्त सगळा आवाज बंद झाला, पंख्याचासुद्धा. मग बुटाची नाडी सुटलीय असं वाटून वाकलो, बांधली. पुन्हा वाकलो, पुन्हा बांधली. मित्र नंतर म्हणाला, तू चार वेळा तीच नाडी बांधलीस. मला दोनच आठवतात.

रात्रपाळी होती, गेलो. मागावर ताण्यातला धागा तुटला की माग थांबवायचा, टोक शोधायचं, गाठ मारायची, फणीतून ओवून घ्यायचं. हे काम मी झोपेत करायचो. त्या रात्री धागा चिमटीत होता आणि फणीचे दात एकमेकांत मिसळून पाण्यासारखे हलत होते. ओवता येईना. शेजारच्या मागावरचे अण्णा आले, काही न बोलता त्यांनी ओवला आणि माझा माग सुरू करून दिला. पुढे तीन आठवडे ते हेच करत होते. धोटा इकडून तिकडे गेला की प्रत्येक फेरीला माझ्या डोक्यात टोला बसायचा. उजेड नको वाटायचा. आईला सांगितलं नाही, कोचला सांगितलं नाही, कारण मी पडलो नव्हतो ना. जो पडतो त्याला लागतं, असं आम्हाला वाटायचं.

भय्याचौक दादा, तुमच्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाही. भाचा पडदे ओढतो ते.

निशिगंध (रविवार, रात्री ११.२५)

आडवाधागा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. मी बरीच वर्षं मेंदूविकारांच्या वॉर्डात परिचारिका आहे. माझ्याही मनात तेच आलं होतं, पण खेळाच्या धाग्यावर कसं बोलावं म्हणून थांबले होते.

हनुवटीत काही नसतं. कळशी पाण्याने भरा आणि झटकन फिरवा. कळशी फिरते, पाणी आधी जागेवरच राहतं. मेंदू कवटीत तसाच द्रवात तरंगतो. हनुवटीच्या टोकाला बाजूने ठोसा बसला की डोकं मानेवर गर्रकन फिरतं, कवटी फिरते, मेंदू मागून फिरतो, आणि आतल्या तंतूंना पीळ पडतो. हनुवटी म्हणजे त्या फिरण्याची लांब दांडी, म्हणून तिथे मारतात. पडणं किंवा शुद्ध जाणं हे त्यातलं एक लक्षण, आणि ते नसतानाही मेंदूला मार बसलेला असू शकतो. डोकेदुखी, उजेड किंवा आवाज सहन न होणं, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं, मळमळ, चिडचिड, झोप बिघडणं, वाचताना अक्षरं हलणं, ही बाकीची. डोक्याला संरक्षक टोपी घातली तरी कापणं वाचतं, आतला पीळ फारसा वाचत नाही. वारंवार मार खाणाऱ्या बॉक्सरांचं दुखणं हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन डॉक्टरांनी १९२८ मध्येच लिहून ठेवलंय.

तुमच्या याच गटातलं उदाहरण आहे, अडोनिस स्टीव्हन्सन. जेता म्हणून १ डिसेंबर २०१८ ला क्वेबेकमध्ये रिंगमध्ये उतरला, अकराव्या फेरीत ग्वोझ्दिकने थांबवलं, ड्रेसिंग रूममध्ये प्रकृती बिघडली आणि डॉक्टरांना त्याला औषधाने बेशुद्धीत ठेवावं लागलं. तोवर दहा फेऱ्या तो उभा होता, गुणांवर लढत चुरशीची होती.

आणि शेंगाचटणी, साद मुहम्मद मलाही आवडतो. पण कावीनंतरही तो दहाएक वर्षं लढत राहिला आणि हरत राहिला, पैसा गेला, एक काळ फिलाडेल्फियात बेघरांच्या निवाऱ्यात काढला, आणि २०१४ मध्ये ५९ व्या वर्षी गेला. ती आठवी फेरी बघताना हेही सोबत बघत जा.

भय्याचौक, त्या हुकनंतर भाच्याला डोकं दुखतं का? उद्या नाही, आज विचारा. आणि तोपर्यंत त्याला सरावाला पाठवू नका. आधीचं भरलं नसताना दुसरा मार बसणं सगळ्यात वाईट.

भय्याचौक (रविवार, रात्री ११.५८)

ताई, त्याला उठवून विचारलं. आधी नाही म्हणाला. मग आडवाधागांची पोस्ट वाचून दाखवली. नाडीच्या ओळीला तो रडायला लागला.

पहिल्या दिवसापासून दुखतंय. कॉलेजात फळा बघवत नाही म्हणून दोन तास बसून परत येतो. फोन वाचवत नाही, म्हणून मला वाच म्हणाला. आणि या दोन आठवड्यांत चार वेळा स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत, केलंय, दुखतंय हे कोचला कळू नये म्हणून. मी मामा असून लोखंड म्हणून मिरवत होतो.

सकाळी डॉक्टरांकडे नेतो.

तालमीतला (सोमवार, पहाटे ५.३०)

दादा, स्वतःला बोल लावू नका, पोरं हे लपवतात, माझ्याकडेही लपवलंय. हौशी नियमांतसुद्धा नॉकआऊट झालेल्याला किमान ३० दिवस रिंग बंद असते. उभा राहिलेल्याला कोण थांबवत नाही, ही खरी अडचण. आजपासून माझ्या पोरांना मी प्रत्येक स्पॅरिंगनंतर दुसऱ्या दिवशी विचारणार आहे, डोकं कसंय, झोप कशी लागली. वहीत लिहून ठेवणार.

जुनीमिलवाला (सोमवार, सकाळी ७.१५)

भय्याचौक, डॉक्टर काय म्हणाले ते कळवा. सिद्धेश्वराला नमस्कार करून आलोय.

भय्याचौक (बुधवार, रात्री ८.४०)

मंडळी, स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही. मार बसलाय हे डॉक्टरांनी नक्की सांगितलं. दोन दिवस पूर्ण विश्रांती, मग हळूहळू चालणं, स्क्रीन अगदी थोडी, आणि स्पॅरिंग ते सांगतील तेव्हाच, महिन्याच्या आत तर नाहीच. कोचना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते, मग संध्याकाळी घरी आले, मोसंबी घेऊन. त्याच्या उशाशी बसले आणि म्हणाले, माझं चुकलं, मी हसत होतो तेव्हा तुझे डोळे बघायला हवे होते.

खोलीत पडदे ओढलेलेच आहेत. लढती बघता येत नाहीत म्हणून त्याला करमत नव्हतं, तर मी तोंडी सांगायला सुरुवात केली. काल मूर-ड्युरेल सांगितली. डोळे मिटून पडला होता, पाचव्या फेरीतल्या नॉकडाऊनला हात उशीवर आपटला. आज ग्लेन जॉन्सन-रॉय जोन्स. नवव्या फेरीत जोन्स खाली गेल्यावर पोरगं म्हणालं, मामा, तो किती वेळ पडून होता? मी म्हटलं, कित्येक मिनिटं. पुढे काही बोललं नाही, कूस बदलून माझा हात धरून झोपलं.

मूळ प्रश्नावर माझं मत अजून ग्लेन जॉन्सनच. त्याचं बदललंय, आता बिव्होल म्हणतोय. साउथपॉ, तुम्ही जिंकलात.

रविवारी त्याला बिव्होल-बेतरबिएव्हची पहिली लढत सांगायची आहे, बाराच्या बारा फेऱ्या. मी बघतो तेव्हा ठोसेच लक्षात राहतात, पाय आणि हात कसे ठेवले होते ते सुटतं. कोणी फेरीनिहाय टिपणं काढली असतील, विशेषतः बिव्होलने कुठला ठोसा कशावर घेतला त्याची, तर शनिवारपर्यंत इथे टाका.